पंख मोजणारी माणसे

घारीकडे पाहून ज्याला हेवा वाटला नाही असा माणूस विरळाच. आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये घारींना तोटा नाही. येऊरच्या डोंगराकडून याव्यात, पत्र्याच्या छपरांवर संथ घिरट्या घालाव्यात आणि पंख म्हणून हलवू नयेत! महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले. त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी ही एक. इथल्याच एका लहानशा कारखान्यात मी तीस वर्षे लेथवर काढली. आता जुन्या शेड जाऊन त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहात आहेत. पण चहाच्या सुट्टीत रंगणारा आमचा वाद मला अजून आठवतो. घारींवरून विमानावर गाडी आली, की कुणीतरी म्हणायचाच, "अहो, राइटबंधूंच्या आधी आपल्या तळपद्यांनी विमान उडवले होते!"

या वादाचा निकाल आकाशाकडे पाहून लागायचा नाही, लेथकडे पाहून लागेल, असे माझे मत आहे. कसे, ते सांगतो.

घारीला जमते, आपल्याला का नाही?

हाताला पंख बांधून कड्यावरून उड्या घेणारे वीर जगात पुष्कळ होऊन गेले. त्यांचे धाडस मोठे, पण हिशेब कच्चा. पक्ष्याची हाडे हलकी आणि छातीचे स्नायू दांडगे. आपले वजन साठ-सत्तर किलो आणि धट्टाकट्टा माणूसही सलग काम करू लागला, तर त्याची ताकद जेमतेम पाव ते तृतीयांश अश्वशक्ती! एवढ्या भांडवलावर पंख फडफडवून उडता येत नाही. केवळ पायांच्या जोरावर इंग्लिश खाडी विमानातून ओलांडणारा माणूस निघाला तो १९७९ साली. त्याच्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ तीस मीटर होते आणि पॅडल मारून मारून त्याला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागला.

मग विमान वर राहते कसे? घरी टेबलफॅन असेल तर पुठ्ठ्याचा एक तुकडा त्याच्यासमोर आडवा धरा. पंख्याकडची कड जराशी वर करा. पुठ्ठा हात वर ओढू लागेल. पुठ्ठ्याने हवा खाली वळवली, हवेने पुठ्ठ्याला वर ढकलले. हीच ती 'उचल'. (कारखान्यात पगारातून घेतात ती उचल वेगळी!) कड फार वर केलीत, तर ही उचल ओसरते आणि पुठ्ठा नुसता मागे रेटला जातो. एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट केला की उचल चौपट होते. म्हणूनच विमानाला धावपट्टीवर एवढे पळावे लागते.

सायकलच्या दुकानातले विमान

जर्मनीच्या लिलिएन्थालने घसरत्या पंखांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली आणि १८९६ साली त्यातच प्राण गमावले. त्याने मागे ठेवलेले आकडे राइटबंधूंनी वापरून पाहिले, तेव्हा त्यांच्या पंखांना हिशेबाइतकी उचल मिळेना. दुसरा कुणी नशिबाला बोल लावून बसला असता. या दोघा भावांनी १९०१ साली सहा फुटांची एक लाकडी पेटी केली, तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने एकेक करून तपासले. उडता विमान कलले तर सावरायचे कसे, याचाही मार्ग त्यांनी पंखांना पीळ देऊन शोधला. त्यांच्या यशाचे मर्म यातच आहे.

इंजिन कुणी देईना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातील मिस्त्री चार्ली टेलर याने ते दुकानातच, सहा आठवड्यांत, साध्या लेथवर आणि ड्रिलवर घडवले. अश्वशक्ती अवघी बारा! १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान पहिल्या खेपेस बारा सेकंद आणि १२० फूट उडाले. आमची शेडसुद्धा याहून लांब होती. पण जगाचा नकाशा त्या १२० फुटांनी बदलला.

मग तळपदे?

माझा नातू आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी विमानाचा तक्ता करताना त्याने मला विचारले, "आजोबा, पहिले नाव कुणाचे लिहू?" प्रश्न साधा, पण त्याला थाप मारायची की खरे सांगायचे, हे ठरवणे भाग होते.

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे माणसाविना यंत्र उडवले, असे सांगतात. पंधराशे फुटांचा आकडाही सांगतात. परंतु त्या यंत्राचा आराखडा, वजनाचा तक्ता किंवा तपासून पाहता येईल अशी त्या वेळची नोंद आपल्या हाती नाही. या गोष्टीच्या जोडीने ज्या 'वैमानिक शास्त्रा'चे नाव घेतात, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासले. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला.

म्हणून तळपद्यांची टिंगल करायची काय? मुळीच नाही! त्या काळी मुंबईत बसून विमानाचा ध्यास घेणे ही काय लहान गोष्ट? मात्र आमच्या टूलरूममध्ये ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर यांच्या साक्षीशिवाय कुणाचाही जॉब पास होत नसे, मग तो जॉब साहेबांच्या मेहुण्याने केलेला का असेना. नातवाला मी सांगितले, "राइटबंधूंचे नाव लिही. तळपद्यांचेही लिही, पण 'पुरावा उपलब्ध नाही' हे तीन शब्द त्यापुढे घाल."

आणि मराठी नावच हवे असेल, तर मोजता येण्याजोगे नाव आहे की! कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपला चक्क इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०१९ साली चाचणी उड्डाणाचा परवाना मिळाला. तेही एका दिवसात झाले नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची खटपट होती.

पूर्वजांनी सगळे करून ठेवले आहे असे एकदा मुलांच्या मनात बसले, की हातात पट्टी घ्यायचे कारणच उरत नाही. नुकसान आहे ते इथे. या दिवाळीत घरातल्या मुलांना फटाक्यांबरोबर एक पुठ्ठा, एक फूटपट्टी आणि टेबलफॅनचे बटण द्या. कड किती वर केली असता उचल सर्वांत जास्त मिळते, ते त्यांना वहीत मांडू द्या. त्या वहीतला आकडा कुणालाही तपासता येईल. त्यांना आकाश दाखवायचे असेल, तर सुरुवात याहून चांगली मला ठाऊक नाही.