खाडीच्या चिखलातला संसार

मैत्रिणींनो, चारकोपच्या तिवरांकडून वास आला की आपण नाक मुरडून खिडकी लावतो. पण त्या चिखलातही केवढा संसार नांदतो, बरं का! आपण पीठ चाळतो तसा शास्त्रज्ञ गाळ चाळतात. १ मिलिमीटरच्या चाळणीतून निसटणारे अन् ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकणारे हे जीव: दोऱ्यासारखे सूत्रकृमी, इवलेसे कवचवाले कोपेपॉड. मूठभर चिखलात हजारो! ते जिवाणू, शेवाळ खातात. त्यांना कोळंबीची, माशांची पिल्ले खातात. म्हणजे आपल्या कालवणाची सुरुवात इथेच! सांडपाण्याने गाळातला प्राणवायू संपला, की नाजूक जाती आधी जातात. चिवट सूत्रकृमी तेवढे तगतात. तेव्हा तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नका. मोरीची वाट शेवटी खाडीकडेच जाते.