ठसका, प्रेरक तंत्रिका विकारातील

स्नायूंना चालना देणाऱ्या प्रेरक तंत्रिका कोशिकांचा (मज्जापेशींचा) क्रमशः ऱ्हास होणाऱ्या या विकारात जीभ, घसा व स्वरयंत्र यांचे स्नायू दुबळे झाल्यावर वारंवार ठसका लागतो. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासमार्ग मिटतो. ही क्रिया मंदावल्याने पाणी, लाळ इ. पातळ द्रव त्यात शिरतात आणि खोकला क्षीण असल्याने सहज बाहेर पडत नाहीत.

ठसका लागताच पाणी पाजण्याची रूढ रीत येथे अपायकारक ठरते. रुग्णास ताठ बसवून किंचित पुढे वाकवावे. प्रशिक्षित मदतनीसाने खोकल्याबरोबर बरगड्यांखाली आत व वर दाब दिल्यास खोकल्यास जोर येतो. स्वरयंत्राच्या आकस्मिक आकुंचनाने श्वास कोंडल्यास नाकाने सावकाश श्वास घ्यावा. हे आकुंचन बहुधा आपोआप सुटते. घास अडकून आवाज व खोकला दोन्ही बंद पडल्यास मात्र पाठीवर जोरदार थापट्या व पोटावर झटक्याने दाब हा प्रथमोपचार तत्काळ करावा.

छोटे घास, दाट केलेले द्रव व तज्ञांच्या सल्ल्याने हनुवटी झुकवून गिळणे यांनी ठसके कमी होतात. पुढे जठरात बसविलेल्या नळीतून आहार देतात. तथापि लाळेचा ठसका त्याने थांबत नाही. गुदमरण्याची भीती रुग्ण व कुटुंबीय यांना फार असते. परंतु या विकारात मृत्यू बहुधा श्वसनाचे स्नायू निकामी झाल्याने येतो, घास अडकून क्वचितच.