मॉल पाहावा बसून

शनिवारी दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर ‘भेटायचं कुठे?’ असा मेसेज पडतो, तासभर काथ्याकूट होतो आणि उत्तर ठरलेलंच निघतं. मॉल! खरेदीसाठी? छे! खरेदी तर हल्ली सोफ्यावर लोळत फोनवरच होते, आणि साइज चुकला तर घरी येऊन परतही घेऊन जातात. तरी विकेंडला मॉलच्या पार्किंगची रांग रस्त्यावर येतेच. म्हणूनच मुंबई-पुण्यातल्या माझ्या लाडक्या मॉल्सची तुलना करताना ब्रँड्सची यादी मी बाजूला ठेवली आणि एकच कसोटी लावली. खिशात हात न घालता इथे दोन तास मजेत जातात का?

फुकट्यांची कसोटी म्हणा हवं तर. पण मुंबईतल्या मॉल कल्चरची सुरुवातच या प्रश्नाने झालीय. 1999 मध्ये हाजीअलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ उघडला, तेव्हा बघ्यांची अशी झुंबड उडाली की दारावर अट आली. मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेश फी भरा! इनकमिंग कॉललाही पैसे पडायचे, तो हा जमाना. म्हणजे मोबाइल दाखवणं हे जवळजवळ पगाराची स्लिप दाखवण्यासारखंच. टीका झाली, अट गेली. पुढे ‘क्रॉसरोड्स’चा ‘सोबो सेंट्रल’ झाला आणि तोही ओस पडला.

लोअर परळच्या फिनिक्सची गोष्ट वेगळी. ही 1905 ची फिनिक्स मिल. 1982 च्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखं राहिलंच नाही. कामगार जिथे पाळीला यायचे, त्या आवारात आधी बोलिंग अ‍ॅली आली, मग दुकानं आणि 2009 मध्ये चकचकीत ‘पॅलेडियम’. गिरणीची उंच चिमणी मात्र जपली गेली. तिच्या खाली उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांपैकी कितीजणांच्या आजोबांनी भोंगा ऐकला असेल, कोण जाणे. सजावटीला, रोषणाईला, माणसं न्याहाळायला फिनिक्स नंबर वन. पण पॅलेडियमच्या गुळगुळीत फरशीवर चालताना मला उगाचच आपल्या चपलांची आठवण होते. कोणी काही बोलत नाही हो, तरी होते!

मालाडच्या इनऑर्बिटमध्ये हे दडपण अजिबात नाही. 2004 पासूनचा हा मॉल, शेजारी माइंडस्पेसची ऑफिसं. त्यामुळे दुपारी गळ्यात आयकार्ड लटकवलेली आपलीच जमात फूड कोर्टात दिसते. कोणाचं अप्रेझल बिनसलंय, कोण पेपर टाकतंय, सगळं कानावर पडतं. घाटकोपरचं आर सिटी म्हणजे सहकुटुंब सहपरिवार. 2013 मध्ये तिथे किडझानिया आलं, तेव्हापासून मुलं पुढे आणि आईबाबा पिशव्या सांभाळत मागे. दोन तास शांतपणे काढायचे असतील, तर शाळांना सुट्टी नाही ना हे आधी बघून घ्या.

आता जरा आतला फंडा. सरकत्या जिन्यावरून एक मजला चढलात की पुढचा जिना नेमका पलीकडच्या टोकाला का असतो? तुम्ही चार दुकानांसमोरून जावं म्हणून. फूड कोर्ट आणि मल्टिप्लेक्स सगळ्यात वर का? पोट भरलेली माणसं खाली उतरताना काहीतरी घेतात म्हणून. पाच दुकानांमागे एक बाकडं का? याचं उत्तर तुम्हीच द्या. एका मॉलमध्ये (नाव राहू दे) मी आईला बसवायला तीन मजले फिरले. शेवटी चपलांच्या दुकानातल्या स्टुलावर तिची सोय झाली, आणि अर्थातच आम्ही एक जोड घेऊन बाहेर पडलो!

गंमत म्हणजे बंदिस्त मॉलचा जनक मानला जाणारा व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा आर्किटेक्ट. 1956 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात त्याने ‘साउथडेल’ उभारलं, तेव्हा त्याला हवा होता गावातल्या चौकासारखा, माणसांनी भेटण्याचा कट्टा. पुढे मॉल्सचं जे झालं, ते बघून म्हातारपणी त्याने हात झटकले.

पण आम्हा मुलींसाठी तो कट्टा थोडाफार झालाच. रात्री नऊला एकटीने कुठे टाइमपास करता येईल? स्वच्छ टॉयलेट, दिवे, गार्ड आणि ‘इथे काय करतेस?’ असं कोणी विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉइटर?’ या 2011 च्या पुस्तकात यातली मेख सांगितलीय: मॉलमध्ये बाई मोकळी असते, पण गिऱ्हाईक दिसते तोवरच. आणि बाईच कशाला? जुलै 2024 मध्ये बंगळुरूच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला दारातच अडवलं. बाप-लेक सिनेमाला आले होते, हातात तिकिटं होती! ओरड झाल्यावर सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. क्रॉसरोड्सची अट जाऊन दोन दशकं उलटली होती.

या सगळ्यात माझं मत जातं विमाननगरच्या फिनिक्स मार्केटसिटीला. पुणेकर म्हणतील, तुळशीबाग असताना मॉल कशाला? बरोबर आहे, पण तुळशीबागेत उभं राहायला जागा शोधावी लागते, बसायचं तर विसराच. 2011 चा हा मॉल पोटात एक उघडा चौक ठेवून आहे, लिबर्टी स्क्वेअर. वर आभाळ दिसतं. जवळच्या सिम्बायोसिसची पोरं, आयटीवाले, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे तिथे नुसते रेंगाळतात. कार्यक्रम असला तर गाणंही कानावर पडतं. तीन वेळा गेले, एकदाही पाकीट उघडलं नाही. रविवार टाळा, गुरुवारी ऑफिस सुटल्यावर जा. चहा मात्र बाहेर पडून टपरीवरच घ्या. आतल्या एका कॉफीच्या पैशात अख्ख्या ग्रुपचा चहा होतो.