रूट कॅनल झालं, तरी दाढ दुखते? एक्स-रेत लपलेली चौथी नळी समजून घ्या

चंद्रपूरला माझ्या वरच्या दाढेचं रूट कॅनल झालं, कॅपही बसली. तरी काही महिन्यांनी चावलं की कळ यायची. एक्स-रे मात्र ‘ओके’! दाढ काढूनच टाकायचं ठरवलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या डॉक्टरांनी सीबीसीटी स्कॅन करायला सांगितला. त्यात दिसलं, की एक नळी साफ करायचीच राहिली होती. पुन्हा रूट कॅनल झालं आणि दाढ वाचली.

दाढेच्या आत काय असतं?

मुळांमधल्या बारीक नळ्यांतली खराब नस काढायची, नळ्या साफ करून भरायच्या, हे झालं रूट कॅनल. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुतेकदा तीन मुळं असतात. म्हणून नळ्याही तीनच, असं वाटतं. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा आणखी एक नळी असते. डॉक्टर तिला ‘एमबी-२’ म्हणतात. खालच्या दुसऱ्या दाढेत तर कधीकधी नळ्या जोडल्या जाऊन ‘सी’ अक्षराचा आकार होतो. एखादी नळी सुटली, की जंतू आतच राहतात.

एक्स-रेत का दिसत नाही?

फोनचा टॉर्च लावा आणि भिंतीसमोर दोन बोटं एकामागे एक धरा. सावली एकाच बोटाची दिसेल. आता टॉर्च थोडा बाजूला सरकवा, दोन्ही दिसतील. साधा एक्स-रे म्हणजे अशीच सपाट सावली. म्हणून डॉक्टर कधीकधी तिरक्या कोनातून दुसरा एक्स-रे घेतात.

सीबीसीटीमध्ये मशीन डोक्याभोवती फिरून शेकडो फोटो घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून थ्रीडी चित्र बनवतो. मग दाढेचा आडवा काप बघून नळ्या मोजता येतात. यात रेडिएशन साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असतं, त्यामुळे गरज असेल तरच करायचा.

फोनचा खरा उपयोग इथे

चंद्रपूरहून नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय सुमारे दीडशे किलोमीटर. भामरागड, सिरोंच्याच्या माणसाला तर जाण्यायेण्यातच दिवस जातो. म्हणून निघण्याआधी हे करा:

- एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो पाठवताना त्यातले बारकावे कमी होतात.
- स्कॅन सेंटरकडून प्रिंटसोबत ‘डायकॉम’ फाइलही मागा. स्क्रीनशॉटमध्ये एकच काप दिसतो, फाइलमध्ये पूर्ण दाढ फिरवून बघता येते.
- फाइल गुगल ड्राइव्हवर ठेवा. फोन बदलला तरी हरवणार नाही.

दुखण्याचं कारण दरवेळी सुटलेली नळीच असेल असं नाही. दाढेला तडाही गेलेला असू शकतो. पण दाढ काढायच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: “डॉक्टर, नळ्या किती सापडल्या, आणि आणखी एखादी असू शकते का?” मी तो पहिल्याच वेळी विचारायला हवा होता.