संगणक पुन्हा पुन्हा ओळख विचारतो तेव्हा

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत ग्रामपंचायती व शाळा यांचे कामकाज आज संगणकाशी जोडले गेले आहे. दाखल्यासाठी ग्रामस्थ ताटकळत असताना मायक्रोसॉफ्ट ३६५ सारखी वर्गणीची आज्ञावली वारंवार पासवर्ड मागू लागली, तर काम खोळंबते. अशा वेळी तोच पासवर्ड पुनःपुन्हा टंकण्यापेक्षा कारण शोधणे हिताचे ठरते.

प्रथम संगणकाची तारीख व वेळ पाहावी. आतील नाण्याएवढी बॅटरी क्षीण झाली की यंत्र बंद होताच घड्याळ मागे पडू शकते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे मुदतबद्ध असल्याने चुकीच्या तारखेस जोडणी नाकारली जाते. बॅटरी बदलून घड्याळ स्वयंचलित ठेवावे.

त्यानंतर खाते कोणाचे, हे तपासावे. बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते यंत्रात राहिल्यास घोटाळा होतो. आज्ञावलीतून जुन्या खात्याची नोंद बंद करावी. कंट्रोल पॅनेलच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधील त्या आज्ञावलीच्या जुन्या नोंदी काढाव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करून योग्य खात्याने प्रवेश करावा.

शेवटी मुदत पाहावी. वर्गणी चालू असली तरी ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेट जोडणी आवश्यक असते. अन्यथा कागदपत्रे वाचता येतात, मात्र दुरुस्त करता येत नाहीत.

खाते व्यक्तीच्या नव्हे, तर कार्यालयाच्या नावे असावे आणि कार्यभार सोपविताना त्याचीही रीतसर नोंद व्हावी. मग बदलीमुळे ग्रामस्थाचा दाखला अडणार नाही.