चित्रपटाचे पाठभेद : ‘राजा हरिश्चंद्र’ आणि वांगणीची डोंगररेषा

हस्तलिखितांना पाठभेद असतात, ही गोष्ट संस्कृत-मराठीच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा श्लोकाश्लोकामागे अनेक पोथ्यांची साक्ष तपासावी लागली. चित्रपट यंत्राने छापला जातो. म्हणून त्याच्या सर्व प्रती एकरूप असणार, असे मात्र सहज गृहीत धरले जाते. हे गृहीत टिकणारे नाही.

अमेरिकेतील नाताळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हा बाहुलीपट ६ डिसेंबर १९६४ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. टाकाऊ खेळण्यांच्या बेटावरील खेळण्यांची सुटका करण्याचे वचन कथेत दिले जाते, परंतु ते पाळलेले दिसत नाही, अशी तक्रार प्रेक्षकांनी केली. तेव्हा १९६५ च्या प्रक्षेपणात सुटकेचा नवा प्रसंग घालण्यात आला व एक गाणेही बदलण्यात आले. ९ डिसेंबर १९६५ रोजी प्रथम दाखविलेल्या ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ मध्ये प्रायोजक कोकाकोला कंपनीचे उल्लेख होते. ते पुढे कापले गेले. प्रेक्षक दरवर्षी ‘तोच’ कार्यक्रम पाहत होते, आणि तो तोच नव्हता. एका ठिकाणी प्रक्षेप, तर दुसऱ्या ठिकाणी लोप; पोथीशास्त्राला हे दोन्ही प्रकार पूर्ण परिचयाचे आहेत.

भारतीय चित्रपटाच्या उगमाशीही असाच एक प्रश्न निगडित आहे, आणि योगायोगाने त्याचा प्रारंभही ख्रिस्ती सणापाशीच होतो. धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या अमेरिका-इंडिया चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि त्यातून त्यांना स्वदेशी चित्रपटाची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. स्वतः फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकातील १९१७-१८ च्या लेखमालेत हा अनुभव सांगितला आहे. परंतु हा प्रसंग कोठे १९१० चा नाताळ म्हणून, तर कोठे एप्रिल १९११ मधील ईस्टर म्हणून दिलेला आढळतो. त्याहून बिकट प्रश्न असा, की हे ख्रिस्तचरित्र कोणते? गोमाँ कंपनीसाठी आलिस गी यांनी १९०६ मध्ये केलेला पंचवीस दृश्यांचा पट प्रसिद्ध आहे. पाथे कंपनीने १९०२ ते १९०५ या काळात याच विषयाचा पट टप्प्याटप्प्याने वाढवीत नेला व १९०७ मध्ये तो नव्याने चित्रित केला. पाथेची दृश्ये सुटी सुटीही विकली जात. त्यामुळे प्रदर्शक आपल्या ऐपतीप्रमाणे जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची माळ लहान किंवा मोठी ओवू शके. अर्थात चित्रपटाचे नाव निश्चित झाले, तरी फाळक्यांनी नेमके काय पाहिले, हे निश्चित होत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ च्या बाबतीत गुंता अधिक आहे, कारण येथे उत्तरावर बरेच अवलंबून आहे. हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखविण्यात आला व ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला. त्याची लांबी ३,७०० फूट, म्हणजे चार रिळे होती. पुण्यास १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेला भाग पहिले व शेवटचे रीळ मिळून १,४७५ फुटांचा आहे. पहिला भारतीय कथाचित्रपट म्हणून दाखविला जातो तो हाच. परंतु फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा, आखूड स्वरूपात चित्रित केली होती, आणि उपलब्ध रिळे त्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. त्याच वर्षी कलकत्त्यास रुस्तमजी धोतीवाला यांनी मादन यांच्यासाठी ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यामुळे जुन्या नोंदींत नुसते ‘हरिश्चंद्र’ असे आले, की ते कोणाचे, हेही तपासावे लागते.

पुन्हा चित्रण का करावे लागले? त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे अतिज्वालाग्राही असे. बैलगाडीतून एका गावाहून दुसऱ्या गावी नेत असता उष्णतेने मूळ चित्रपटाची शेवटची प्रत जळाली, अशी परंपरागत माहिती आहे. छापील प्रतीवरून समाधानकारक नवी निगेटिव्ह काढण्याची सोय तेव्हा नव्हती. मूळ निगेटिव्ह हाताशी नसेल, तर नवा मुलामा चढवून नटांना पुन्हा उभे करणे एवढाच मार्ग उरे.

लांबीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. सेकंदास सोळा चित्रे या मूकपटाच्या वेगाने ३,७०० फूट सुमारे बासष्ट मिनिटे चालतील. सेकंदास चोवीस या बोलपटाच्या वेगाने एकेचाळीस. ‘चाळीस मिनिटांचा चित्रपट’ हे वारंवार आढळणारे विधान त्यामुळे प्रतीविषयी काहीच सांगत नाही. फूट हे माप विश्वसनीय, मिनिटे नव्हेत.

आता स्थलाच्या पुराव्याकडे वळता येईल. १९१३ च्या चित्रपटातील घराबाहेरची दृश्ये वांगणी येथे घेतली गेली. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील हे गाव ठाणे जिल्ह्यात, पण कर्जत तालुक्याच्या अगदी सीमेवर आहे. पुढचे शेलू स्थानक रायगडात येते. लोहमार्ग १८५६ मध्येच या खोऱ्यातून खालापूर तालुक्यातील खोपोलीपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे दादरहून सामानसुमान घेऊन येणे सुकर होते. ढाली-तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला, पाटलाने सर्वांना अडकवून ठेवले, आणि फाळक्यांनी रिकाम्या कॅमेऱ्याने चित्रणाचा देखावा करून त्यांची सुटका केली, ही हकीकत चरित्रांतून येते. रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र तेथेच दगडावर पडून बेशुद्ध झाला, आणि त्याच अवस्थेत त्याला चितेवर ठेवून दृश्य घेण्यात आले, असेही सांगतात. या कथा रसाळ आहेत; परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने तो काळ लोकांच्या डोळ्यांपुढे आणला. तथापि त्यांपैकी कोणतीही कथा उपलब्ध रिळांची जात ठरवू शकत नाही.

ती ठरविण्यास डोंगर उपयोगी पडू शकतील. वांगणीच्या परिसरातून चंदेरी, नाखिंद व माथेरान यांची जी रेषा दिसते, ती शंभर वर्षांत बदललेली नाही, आणि नाशिककडील घाटमाथ्याच्या डोंगरांहून ती स्पष्टपणे वेगळी आहे. रिळांतील उघड्यावरील प्रत्येक चौकटीची पार्श्वभूमी वेगळी काढून ती कर्जत-नेरळ खोऱ्यातील छायाचित्रांशी ताडून पाहणे, हे स्थानिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे काम आहे. रोहिदासाचे दिसणारे वय ही दुसरी कसोटी. चार वर्षांत मुलाची उंची लपत नाही. हा पुरावा बाह्यचित्रणाच्या युगातच शक्य आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या कलागृहातील महाल व किल्ले अनेक कथांत आलटून पालटून वापरता येतात. तेथील भिंतीवरून आवृत्ती ओळखणे कठीण.

डोंगररेषेची साक्षही एकतर्फीच आहे. ती जुळली नाही, तर रीळ १९१७ चेच असे ठरत नाही, कारण १९१३ चा बराच भाग दादरच्या आवारात चित्रित झाला होता. ती जुळली, तर तेवढा तुकडा वांगणीचा ठरेल. पण संपूर्ण रीळ नव्हे. पोथीची हरवलेली पाने दुसऱ्या पोथीतून भरून काढावीत, तसे जुन्या चित्रपटातील वाचलेले तुकडे नव्यात जोडले गेले असणे अशक्य नाही. म्हणून तपासणी रिळागणिक न करता सांध्यासांध्यागणिक करावी लागेल.