दोऱ्याएवढी फट

तंबोरा बिघडला की बेसूर होतो असं नाही. कधीकधी तो सुरात असूनही मुका होतो. माझा तसाच झाला होता. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, चारही तारा लागल्या. पण छेडल्यावर नुसतं 'टण्‌'. मागे रेंगाळणारा गुंजारव नाही, की खर्जातून उमटणारा गंधार नाही. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाल्या, "जवारी गेलीय. मिरजेला न्या."

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेली दीडशेहून जास्त वर्षं तंतुवाद्यं घडतात. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी या कामाकडे वळली आणि त्यांचं आडनावच सतारमेकर होऊन गेलं. 2024 साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले होते. मी गेलो ते दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास. साठीच्या चाचांनी तंबोरा आडवा मांडीवर घेतला, एकदाच बोट फिरवलं आणि तारा सैल करायला सुरुवात केली. काय झालंय हे मला विचारलंही नाही.

भोपळ्याच्या तबलीवर, म्हणजे त्याचं तोंड झाकणाऱ्या लाकडी फळीवर, काडेपेटीहून जरा मोठं, दोन पायांचं बुटकं स्टूल असावं तशी घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. इंग्रजीत तिला ब्रिज म्हणतात. मी तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला तो शब्द जवळचा. पण आपला शब्द जास्त शहाणा आहे. पूल म्हटलं की तो जागचा हलू नये अशी अपेक्षा असते. घोडी म्हटलं की ती उधळणार आणि तिला लगाम लागणार, हे आलंच.

चाचांनी तारा बाजूला सारल्या आणि घोडी दिव्याकडे धरून मला दाखवली. हाडाच्या पिवळट पृष्ठभागावर चार बारीक घळी पडल्या होत्या. "आठ वर्षं झाली ना हात लावून? तारेनं घर केलंय बघा. घरात बसली की तार बोलत नाही."

ते पुढे कानस चालवत राहिले आणि माझ्या डोक्यात वर्गातला फळा उभा राहिला. व्हायोलिनची घोडी पातळ, उभी, धारदार असते. तार त्या धारेवर टेकते आणि तिथेच तिचं टोक ठरतं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिची पाठ पुढच्या बाजूला अगदी किंचित उतरती केलेली असते. हीच जवारी. कंप पावणारी तार या उतारावर क्षणभर अंग टाकते, पुन्हा उठते. काळी एकच्या षड्जाला लावलेली जोडाची तार, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी एक, हे सेकंदाला सुमारे 138 वेळा करते. म्हणजे तारेचं टोक एका जागी नसतंच. ते उतारावर पुढेमागे होत असतं. घळ पडली की तार त्या खाचेत अडकते, टोक पक्कं होतं, आणि तंबोरा एखाद्या साध्या तारवाद्यासारखा वाजतो.

हे बारकाईनं पाहणारा पहिला मोठा शास्त्रज्ञ म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. रामन परिणामाच्या कितीतरी आधी, 1921 साली, कोलकात्यात असताना त्यांनी तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला. टॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक नियम सांगितला होता: तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वराची गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, असेल तो उपस्वर उमटणार नाही. रामन यांनी दाखवलं की आपल्या वाद्यांच्या घोड्या हा नियम मोडतात. जो स्वर उमटायलाच नको, तो ठसठशीत ऐकू येतो.

चाचांचं काम मात्र नियमानं नव्हे, हातानं चाललं होतं. कानशीचे दोन-तीन हलके फटकारे, फुंकर, अंगठा फिरवून पाहणं. पुन्हा एक फटकारा. मग बारीक पॉलिश पेपर. मला वाटलं मोजपट्टी निघेल, निघाली नाही. खर्जाची तार चढवली, ताणली, छेडली, मान हलवली, उतरवली, पुन्हा कानस. एका तारेसाठी हे सात-आठ वेळा. "जास्त घासलं तर काय?" मी विचारलं.

"तर खरखरती. मधमाशी डब्यात कोंडल्यागत. आणि घासलेलं परत येत नाही ओ सर."

पाऊण तासानं चारही तारा चढल्या. आता सूर लावणं. आधी दोन जोडाच्या तारा. दोन्ही जवळजवळ सारख्या झाल्या की आवाज हेलकावू लागतो: वाढतो, ओसरतो. चाचा खुंटी केसभर पिळायचे आणि हेलकावे मंद व्हायचे. सेकंदाला दोन, एक, मग एक लांबलचक लाट, आणि मग काहीच नाही. मला प्रयोगशाळेतला, विजेचा रोध मोजणारा दुसरा ब्रिज आठवला. व्हीटस्टन ब्रिज खरं तर क्रिस्टी यांनी 1833 साली सुचवला आणि व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी प्रसिद्धीला आणला. त्यात चार रोध असतात, मध्ये गॅल्व्हनोमीटर. एक रोध बदलत जायचं. काटा शून्यावर आला की पूल तोलला गेला. काही न होणं हीच तिथे बरोबर उत्तराची खूण. मी शेकडो मुलांना तो काटा शून्यावर आणायला लावलाय. इथे काटा नव्हता, चाचांचा डावा कान होता.

तारा लागल्या, तरी आवाज अजून मिटलेलाच. मग त्यांनी शिलाईच्या रिळातून पांढऱ्या सुताचे चार तुकडे तोडले. एकेक तुकडा तारेखालून ओवला आणि दोन्ही टोकं धरून घोडीच्या पाठीवरून हळूहळू सरकवू लागले. दुसऱ्या हातानं तार छेडणं चालूच. टण्‌, टण्‌, टण्‌. दोरा आणखी सरकला, डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा, आणि खोली भरली. दुसरा शब्द नाही. त्याच तारेतून एकदम पाच-सहा आवाज निघाले, एकामागून एक, वरून खाली ओघळत. चाचांनी हात जागेवर थांबवला. "उघडली."

दोरा तारेला घोडीवरून आपल्या जाडीइतकं उचलतो. पुढच्या उतारावर तार आता टेकलेली नसते. दर फेऱ्याला ती खाली येऊन घोडीला चाटून जाते. दर चाटण्यातून तारेत एक बारीकसा धक्का परत फिरतो. छेडताना बोटानं दिलेली जाड, खालच्या स्वरांची शक्ती अशी थोडी थोडी वरच्या स्वरांत वाटली जाते. म्हणून तंबोरा नखानं नव्हे, बोटाच्या मांसल भागानं, अलगद छेडला तरी एवढा लखलखतो. झळाळी बोट देत नाही, घोडी देते.

मला राहवलं नाही. खर्जाची तार घोडीपासून वरच्या अटीपर्यंत 100 सेंटीमीटर भरली. पाचव्या उपस्वराची, म्हणजे गंधाराची, एक गाठ 20 सेंटीमीटरवर असणार. दोरा मागे ओढून तार बरोबर तिथेच छेडली आणि मोबाइलवर कंपनांचा आलेख पाहिला. त्या उपस्वराच्या जागी, 346 हर्ट्झच्या आसपास, नुसतं गवत. यंगसाहेब खूश. चाचांनी दोरा पुन्हा जागेवर आणला. मी त्याच जागी, तशीच छेडली. त्याच 346 वर टोकदार शिखर उभं राहिलं, आणि आलेख पाहायची गरज नव्हती इतका स्पष्ट गंधार खोलीत होता. याला गवयी स्वयंभू गंधार म्हणतात. मी तो आयुष्यभर ऐकला होता. त्याला घालवून परत आणलेला पहिल्यांदाच पाहिला.

एवढं सगळं होऊनही चाचा सगळ्यांत कडक होते ते एका गोष्टीत: घोडीच्या पायांना त्यांनी हात लावू दिला नाही. "पाय तबलीला घट्ट पाहिजेत. पण सगळा आवाज एकदम खाली गेला तर तार लगेच मरती." हे मी वर्गात वेगळ्या शब्दांत सांगत असे. तार हलकी, तबली तिच्या मानानं जड. म्हणून घोडीपाशी आलेला बहुतेक कंप माघारी फिरतो आणि थोडासाच पलीकडे झिरपतो. माघारी फिरतो म्हणून नाद टिकतो, झिरपतो म्हणून ऐकू येतो. व्हायोलिनच्या घोडीवर छोटं वजन चढवलं की आवाज दबतो, ते यामुळेच. पूल म्हणजे मोकळी वाट, हा आपला समज. वाद्यातला पूल मुख्यतः अडवतो.

माणसांच्या पुलाला हा हिशेब चुकला की काय होतं ते लंडननं पाहिलंय. थेम्सवरचा मिलेनियम पादचारी पूल 10 जून 2000 रोजी उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल आडवा किंचित डुलला, चालणाऱ्यांनी तोल सावरायला पावलं त्या डुलण्याशी जुळवली, त्या पावलांनी पूल आणखी डुलला. कोणी ठरवून ताल धरला नव्हता. पुलानंच तो धरायला लावला. कंप गिळणारे शोषक बसवून तो 2002 साली पुन्हा उघडला. तिथल्या अभियंत्यांना आणि मिरजेच्या चाचांना एकच प्रश्न सोडवायचा होता: जो वरून जातो आणि ज्याच्यावरून जातो, त्यांनी एकमेकांना किती हलवायचं. तिथे उत्तर शून्याच्या जवळ हवं होतं, इथे सुताच्या दोऱ्याएवढं.

निघताना मी दोऱ्यांची लोंबती टोकं कापायला सांगितली. चाचा हसले. "राहू देत. पाऊस लागला की लाकूड फुगतं, जागा बदलती. तुम्हालाच सरकवावं लागंल."

पाऊस लागायची वाट बघावी लागली नाही. रेल्वेच्या प्रवासानं असेल, तिसऱ्या दिवशी पंचमाची तार पुन्हा मिटली. मी पहाटे तंबोरा मांडीवर आडवा घेतला, दोऱ्याची टोकं चिमटीत धरली आणि ओढली. जास्त झालं, खरखर. मागे घेतला, टण्‌. पुन्हा पुढे, श्वास धरून. दहा मिनिटं गेली असतील. शेजारच्या खोलीतून बायको म्हणाली, "आता लागला."

दोरा हलला होता की नाही, मला दिसलं नव्हतं.